जनसंपर्कातला ‘जन’ कोण?

जनसंपर्क हा शब्द आपल्याकडे आता इतका रुळला आहे की, तो नवा आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. महापालिका घ्या, साखर कारखाना घ्या, मोठे रुग्णालय घ्या. कुठल्या तरी खोलीच्या दारावर ‘जनसंपर्क अधिकारी’ अशी पाटी असतेच. हुद्दा नवा, पण काम मात्र जुने. संस्थानी अमदानीत दरबारची बाजू रेसिडेंटापुढे मांडणारा वकील होता, दरबारचा हुकूम पेठेत सांगणारा दवंडीवाला होता आणि दरबारचा बडेजाव चार ठिकाणी गाणारा भाटही होता. या तिघांची कामे आज एकाच माणसाच्या गळ्यात पडली आहेत आणि ती शिकवणारे रीतसर अभ्यासक्रम निघाले आहेत. आपल्या करवीर नगरीपासून निपाणी, चिकोडी, बेळगावपर्यंतच्या घरांतली मुले-मुली हे शिक्षण घेऊन पुण्या-मुंबईला, बंगळूरला नोकऱ्या धरू लागली आहेत. त्यांच्या अभ्यासक्रमात नीतिमूल्यांचाही एक भाग असतो. तो भाग शिकवायचा कसा, एवढाच या लेखाचा विषय.

संगीतशिक्षकाने या विषयात का पडावे, असे कुणी विचारील. त्याचे कारण साधे आहे. सीमाभागातल्या एका महाविद्यालयात वृत्तपत्रविद्या आणि जनसंपर्क शिकणाऱ्या मुलांपुढे वर्षातून दोन-तीन तास मला बोलावतात. बोलावणाऱ्या प्राध्यापकांची कल्पना अशी की, गाण्यात शिस्त असते, तेव्हा गाणे शिकवणाऱ्याने शिस्तीवर चार शब्द बोलावेत. पण नुसत्या उपदेशाने काही साधत नाही, हे गाणे शिकवणाऱ्याइतके कुणाला ठाऊक असणार? ‘सुरात गा’ असे शंभरदा सांगून कुणी सुरात गात नाही. तानपुरा पुढ्यात ठेवावा लागतो, ऐकायला बसवावे लागते. म्हणून मी मुलांपुढे नियमांची यादी न ठेवता निपाणी ठेवतो.

तत्पूर्वी पुस्तकातला इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. अमेरिकेत आयव्ही ली नावाचा एक वृत्तपत्रकार होता. १९०६ साली कोळसा खाणमालकांचे काम घेतल्यावर त्याने संपादकांना एक जाहीर निवेदन पाठवले. आमचे काम उघड्यावर चालेल, आम्ही लोकहिताची खरी माहिती देऊ आणि ती तुम्ही पडताळून पाहावी, असा त्याचा आशय होता. या धंद्याची पहिली आचारसंहिता म्हणून मुले हे निवेदन पाठ करतात. पण पुढची आठ वर्षे मोजली की गोष्ट पालटते. २० एप्रिल १९१४ रोजी कोलोरॅडोतल्या लडलो येथे संपावर गेलेल्या खाणकामगारांच्या तंबूंवर राज्याचे सैनिक आणि कंपनीचे पहारेकरी चालून गेले. तंबू पेटले, आणि एका तंबूखालच्या खड्ड्यात आसऱ्याला बसलेल्या दोन स्त्रिया व अकरा मुले गुदमरून मेली. या खाणींवर ताबा असलेल्या रॉकफेलर घराण्यासाठी नंतर जी पत्रके देशभर गेली, ती याच ली महाशयांच्या हातची होती. त्यांत संपाच्या पुढाऱ्यांच्या पगाराचे आकडे कैक पटींनी फुगवलेले निघाले. ज्याने नियम लिहिला, त्यानेच तो आठ वर्षांत मोडला.

पुढे १९५५ साली जनसंपर्क व्यावसायिकांची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. १९६५ च्या मे महिन्यात तिने अथेन्स येथे आपली संहिता स्वीकारली. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा तिला आधार आहे, आणि सत्याला दुसऱ्या कोणत्याही गरजेपुढे दुय्यम मानू नये असे तिचे एक कलम आहे. आपल्या देशातल्या व्यावसायिकांनी २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीच्या पहिल्या अखिल भारतीय परिषदेत हीच संहिता मान्य केली, आणि १९८६ पासून तो दिवस राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो. संहिता चांगली आहे. तिच्यातला एकही शब्द मला खटकत नाही. परंतु लीच्या उदाहरणावरून हेही दिसते की, संहिता पाठ असलेला माणूस लडलोसारख्या प्रसंगी तिचा उपयोग करीलच असे नाही. तंबूतली माणसे त्याच्या हिशेबातच नव्हती. त्याचे ‘जन’ म्हणजे वृत्तपत्रे वाचणारा वर्ग. आग लागली होती ती दुसऱ्याच जनांच्या घरांना.

आता निपाणीकडे येऊ. कोल्हापूरहून चाळीसेक किलोमीटरवर, पुणे-बंगळूर महामार्गावरचे हे गाव आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या सोयरिकीतले. भाषेने मराठी, १९५६ पासून कारभाराने कानडी मुलखात, आणि व्यापाराने तंबाखूचे. निपाणीची विडीची तंबाखू म्हटली की देशातले व्यापारी मान डोलावतात. या व्यापारावर पेठ उभी राहिली, शाळा-महाविद्यालये निघाली, देवळांचे जीर्णोद्धार झाले. त्या दानशूर घराण्यांविषयी आदर बाळगूनच पुढचे लिहीत आहे.

त्या पेठेच्या मागे वखारी होत्या. वखारीत बायका तंबाखू कुटत, चाळत, पाखडत. धूळ नाकातोंडात जाई. डोक्याला आणि तोंडाला फडके बांधून दिवसच्या दिवस काढावा लागे. विडी व सिगार कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला होता, १९७६ साली विडी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा झाला; पण कायदा दिल्लीत होणे आणि वखारीच्या दारातून आत येणे यांत मोठे अंतर असते. हे अंतर कमी झाले ते या बायका संघटित झाल्या तेव्हा. प्रा. सुभाष जोशी यांच्यासारखे कार्यकर्ते पाठीशी उभे राहिले आणि तीन हजार तंबाखू कामगार स्त्रियांची संघटना निपाणीत उभी राहिली. ‘युगांतर’ या चित्रपट गटाने १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा अनुबोधपट याच स्त्रियांबरोबर बसून तयार केला. तो मी मुलांना आवर्जून पाहायला सांगतो. त्यात वखारीविषयी बोलतात त्या वखारीतल्या बायकाच.

त्याच सुमारास शेतकऱ्यांचेही झाले. तंबाखू पिकवणाऱ्याला भाव ठरवण्यात काडीचा अधिकार नव्हता. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी महामार्गावर येऊन बसले, तिथेच चुली मांडल्या, आणि त्या वस्तीला ‘आंदोलननगर’ हे नाव पडले. तीन आठवड्यांहून अधिक काळ रस्ता अडला. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकरी मृत्युमुखी पडले. आपल्याकडच्या ज्येष्ठांना ते दिवस अजून आठवतात.

वर्गात या दोन हकिकती सांगून झाल्या की मी एकच प्रश्न विचारतो. त्या वर्षी तुम्ही निपाणीत जनसंपर्क अधिकारी असता, तर तुमचा ‘जन’ कोण असता? मुले हुशार असतात. ग्राहक, सरकार, वृत्तपत्रे, भागधारक अशी पुस्तकातली उत्तरे पटापट येतात. वखारीतली बाई त्या यादीत सहसा येत नाही, आणि आली तरी शेवटी. या अभ्यासातला नीतीचा पहिला धडा मला इथे दिसतो. खोटे बोलू नये हा धडा त्यानंतरचा. आधी कुणाशी बोलायचे आणि कुणाचे ऐकायचे, ही यादीच जर अपुरी असेल, तर तीतल्या प्रत्येकाशी खरे बोलूनही अन्याय होऊ शकतो.

तंबाखूचाच धागा धरून मग आम्ही जरा दूर जातो, कारण या धंद्याने जगाला जनसंपर्काचे जेवढे धडे दिले, तेवढे दुसऱ्या कुठल्या धंद्याने क्वचितच दिले असतील. ३१ मार्च १९२९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर काही तरुणींनी भर मिरवणुकीत सिगारेटी पेटवल्या. स्त्रियांनी चारचौघांत धूम्रपान करणे तेव्हा तिथेही निषिद्ध होते. या सिगारेटी म्हणजे स्वातंत्र्याच्या मशाली आहेत, अशा बातम्या छापून आल्या. ही स्वयंस्फूर्ती नव्हती; एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धी-सल्लागाराने एका सिगारेट कंपनीसाठी ती रचली होती. स्त्रियांच्या हक्काची खरी चळवळ आणि खपाचा हिशेब यांची त्याने अशी गाठ मारली की, पाहणाऱ्याला ती दिसूच नये.

१९५० नंतर धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे संशोधन प्रसिद्ध होऊ लागले. तेव्हा ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतल्या चारशेहून अधिक वृत्तपत्रांत सिगारेट कंपन्यांनी मिळून एक पानभर निवेदन दिले. ते तयार करण्यात हिल अँड नोल्टन या जनसंपर्क संस्थेचा हात होता. लोकांचे आरोग्य आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आमचा माल अपायकारक आहे असे आम्ही मानीत नाही, आणि संशोधनाला आम्ही मदत करू, असे त्याचे सार होते. मी मुलांना सांगतो, या निवेदनाची भाषा नीट तपासा. त्यात आरडाओरडा नाही, कुणाला शिवी नाही. फक्त शंका आहे, आणि ती शंका जिवंत ठेवण्यासाठी पुढे अनेक दशके पैसा खर्च झाला. २००६ साली अमेरिकेतल्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी या कंपन्यांनी लोकांची दीर्घकाळ फसवणूक केली असा निर्णय दिला. न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे खरी माहिती सांगणारी निवेदने वृत्तपत्रांत येऊ लागली ती २०१७ च्या नोव्हेंबरात. एका सभ्य भाषेतल्या पानाची दुरुस्ती व्हायला त्रेसष्ट वर्षे लागली. मधल्या काळात किती माणसे गेली, याचा हिशेब ज्याने त्याने आपापल्या मनाशी करावा. खुद्द बर्नेजने उतारवयात धूम्रपानविरोधी प्रचाराला हात लावला आणि जनसंपर्काच्या धंद्याला डॉक्टर-वकिलांसारखा परवाना असावा, असे तो म्हणू लागला.

आपल्या देशात २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली. एप्रिल २०१६ पासून वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर सचित्र इशारा छापणे बंधनकारक झाले. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तो नियम रद्द केला; जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि इशारा होता तेवढा राहिला. या सगळ्या वादात एक युक्तिवाद वारंवार पुढे आला. निर्बंध वाढले तर विड्या वळणाऱ्या लाखो गरीब बायकांच्या पोटावर पाय येईल, असा तो युक्तिवाद.

हा युक्तिवाद खोटा आहे असे कुणी म्हणू नये. निपाणीच्या परिसरात हिंडलेल्या माणसाला तो खरा आहे हे ठाऊक असते. पण त्याची जागा पाहा. जी बाई १९८० पर्यंत कुणाच्या यादीत नव्हती, ती आता पत्रकाच्या पहिल्या ओळीत येऊन बसली. तीही तिला न विचारता. वर्गात मी मुलांना असे पत्रक लिहायला देतो. कंपनीची बाजू घेऊन लिहा, म्हणतो, कारण उद्या तुम्हांला तेच करायचे आहे. एकदा एका मुलीने फार चांगले पत्रक लिहिले. ‘आमच्या कष्टकरी भगिनी’ अशी सुरुवात होती. ते वाचून होताच मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याची आजी वखारीत होती. त्याने विचारले, ‘भगिनी म्हणतेस, तर भगिनींना दिवसाला किती मिळतात ते का लिहिलं नाहीस?’ वर्ग स्तब्ध झाला. मग पुढचा तासभर त्यावरच चर्चा झाली आणि शेवटी मुलांनीच एक नियम काढला. उपजीविकेचे कारण जो पुढे करतो, त्याने त्याच पत्रकात मजुरीचा दर आणि आरोग्यावरचा खर्च छापावा. दर छापायची लाज वाटत असेल, तर ते कारण पुढे करू नये. अथेन्सच्या संहितेत असे कलम नाही. निपाणीच्या पोरांनी ते घातले, आणि मला ते पुष्कळ संहितांहून उपयोगाचे वाटते.

इथे गाण्याचा विषय आपोआप येतो. बेळगावचे पं. रामभाऊ विजापुरे यांची पेटी ऐकलेले रसिक आपल्या वाचकांत पुष्कळ असतील. कागवाडला १९१७ साली जन्मलेले आणि २०१० साली बेळगावात निवर्तलेले हे पेटीवादक पिढ्यान् पिढ्यांच्या गायकांना साथ करीत आले. साथीदार हा गायकाचा माणूस असतो. त्याने गायकाच्या पुढे धावू नये, मैफल आपल्याकडे ओढू नये, गायकाची जागा खुलवावी. जनसंपर्क अधिकाऱ्याचे काम याहून फार वेगळे नाही. पण गायक चुकला तर? चांगला साथीदार भर मैफलीत बोट दाखवीत नाही. तो योग्य सूर हळूच धरून ठेवतो. जाणता गायक तो ऐकतो आणि जागेवर येतो. मात्र गायक उतरला म्हणून साथीदाराने पेटी उतरवायची नसते. उतरवू म्हटले तरी ती उतरत नाही, कारण पेटीचे सूर ठोकून बसवलेले. ही तिची मर्यादा म्हणून गायक नेहमी कुरकुरतात. या एका बाबतीत मात्र तिचा हट्ट घेण्यासारखा आहे.

माझे वडील संस्थानाच्या अखेरच्या काळात, ऐन विशीत, दरबारी गवई म्हणून चाकरीला होते. माझा जन्म त्यांच्या पन्नाशीनंतरचा, त्यामुळे दरबार मी त्यांच्या बोलण्यातूनच पाहिला. दरबारी गवयाने धन्याची तारीफ गायली तर त्यांना गैर वाटत नसे. मीठ खाल्ले की तेवढे आलेच, म्हणत. ‘पण तारीफ शब्दात असते बाळ, सुरात नसते. सूर धन्याच्या बापाचाही नव्हे,’ असे त्यांचे ठाम मत होते. जनसंपर्काच्या मुलांना मी हेच निराळ्या शब्दांत सांगतो. कारखान्याची बाजू मांडा, चांगल्या शब्दांत मांडा, त्यात कमीपणा नाही. आकडा मात्र कारखान्याचा नसतो.

यावर दरवर्षी एक प्रश्न येतोच. ‘सर, नोकरी गेली तर?’ या प्रश्नाला थोर पुरुषांची उदाहरणे देऊन उत्तर देणे मला प्रशस्त वाटत नाही. आपल्याकडे या व्यवसायाला परवाना नाही. संहिता मोडली म्हणून कुणाची सनद जात नाही आणि पाळली म्हणून कुणी पाठीशी उभे राहील याचीही शाश्वती नाही. बावीस वर्षांचा पोरगा तिथे एकटाच असतो. म्हणून मी व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. जो आकडा स्वतः पाहिला नाही, तो स्वतःच्या हाताने लिहू नका; मूळ कागद मागा. असहमती असेल तर ती बंद खोलीत, वरिष्ठांपुढे, नम्रपणे पण लेखी नोंदवा. धन्याला आधी सांगणे हा तुमचा धर्म आहे. बाहेर बोभाटा करणे ही पहिली पायरी नव्हे. आणि पहिल्या पगारापासून थोडे थोडे बाजूला टाकून सहा महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवा. गाठीला काही नसलेल्या माणसाला नाही म्हणणे जड जाते. शेवटचा सल्ला ऐकून मुले हसतात, परंतु वहीत उतरून घेतात तोच.

सीमाभागाचा म्हणून आणखी एक धडा आहे. बेळगाव-निपाणीत एकच सूचना दोन भाषांत निघते. सीमेचा प्रश्न १९५६ पासून धुमसतो आहे, २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि आपली बाजू काय हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पण पाणीपुरवठ्याची सूचना किंवा रुग्णालयाचे पत्रक हे कुठल्याच बाजूचे नसते. मी मुलांकडून एकच पत्रक मराठीत आणि कानडीत लिहवून घेतो, कागदांची अदलाबदल करतो आणि उलटे भाषांतर करायला लावतो. मराठीत ‘दिलगीर आहोत’ आणि कानडीत नुसतेच ‘कळवण्यात येते’, किंवा त्याच्या उलट, असे काही सापडले की कुणाला माणूस समजलो आणि कुणाला गर्दी, ते उघड होते. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढला तेव्हा मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी स्तंभांत छापला. दोन्ही भाषा येणाऱ्या कुणालाही तो ताडून पाहता येई. दोन वाचकांना दोन सत्ये देण्याची सोयच त्यात नव्हती. आपल्या पहिल्या मराठी वृत्तपत्राने घालून दिलेला हा कित्ता सीमेवरच्या मुलांइतका दुसऱ्या कुणाला गिरवता येईल असे वाटत नाही, कारण दोन्ही भाषा त्यांच्या घरात असतात.

तेव्हा अभ्यासक्रम आखणाऱ्या विद्वानांना माझी एवढीच विनंती आहे. नीतिमूल्यांच्या भागात ली असू द्या, अथेन्स असू द्या, दिल्लीची परिषदही असू द्या. परंतु परीक्षेआधी एक दिवस मुलांना वखारीत, विडी वळणाऱ्या घराच्या ओसरीवर किंवा उसाच्या फडात पाठवा. तिथे त्यांनी काही लिहायचे नाही, भाषणही करायचे नाही, नुसते ऐकायचे. संध्याकाळी परत येताना प्रत्येकाने एका कागदावर आपल्या ‘जनां’ची यादी करावी आणि सकाळी वर्गात केलेल्या यादीशेजारी ती ठेवावी. दोन्ही याद्या सारख्या निघाल्या, तर तो दिवस पुन्हा करावा.